व्हीलॉक यांची सनद आणि ऑकम यांची कैफियत

अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात, कनेक्टिकट नदीच्या काठावर हॅनोव्हर नावाचे छोटेसे गाव आहे. तेथील डार्टमथ महाविद्यालयाच्या बेकर ग्रंथालयाच्या मनोऱ्यावर १९२८ पासून वाऱ्याची दिशा दाखवणारे तांब्याचे एक पाते फिरत होते. त्यावर पाइनच्या झाडाखाली बसलेला एक गोरा धर्मोपदेशक आणि त्याच्या पुढ्यात जमिनीवर बसलेला, डोक्यात पीस खोवलेला मूळनिवासी माणूस कोरलेला होता. एक सांगतो आहे आणि दुसरा ऐकतो आहे, असा त्या चित्राचा भाव. जून २०२० मध्ये महाविद्यालयाने हे पाते उतरवले. पुढे २७ एप्रिल २०२२ रोजी महाविद्यालयाचे अध्यक्ष फिलिप हॅनलन कनेक्टिकट राज्यातील उन्कसव्हिल येथे गेले आणि तेथील मोहिगन जमातीच्या प्रमुखांच्या हाती त्यांनी जुन्या कागदांचा एक संच सुपूर्द केला. ती पत्रे, रोजनिशी आणि प्रवचनांची हस्तलिखिते सॅम्सन ऑकम या अठराव्या शतकातील मोहिगन पाळकाची होती.

पात्यावरचा धर्मोपदेशक म्हणजे डार्टमथचे संस्थापक आणि पहिले अध्यक्ष रेव्हरंड एलियाझर व्हीलॉक. ऑकम हे त्यांचे पहिले मूळनिवासी शिष्य होत. अडीचशे वर्षांनंतर त्यांचे कागद परत करण्याची वेळ महाविद्यालयावर का आली, हे समजण्यासाठी या दोघांमध्ये झालेला पैशाचा आणि वचनाचा व्यवहार पाहावा लागतो.

आपल्याकडील वाचकांना डार्टमथचे नाव वेगळ्याच कारणाने परिचित असण्याची शक्यता आहे. शाळेत संगणक शिकताना अनेकांनी पहिली आज्ञावली ज्या 'बेसिक' भाषेत लिहिली, ती भाषा १९६४ मध्ये याच महाविद्यालयात जन्मली. 'कृत्रिम बुद्धिमत्ता' या संज्ञेखाली भरलेली पहिली उन्हाळी परिषदही १९५६ मध्ये येथेच झाली. 'बेसिक'च्या दोन जनकांपैकी एकाचा या कथेशी संबंध आहे, पण तो पुढे येईल.

पगार गेला आणि शाळा सुरू झाली

व्हीलॉक यांचा जन्म २२ एप्रिल १७११ रोजी कनेक्टिकट वसाहतीतील विंडहॅम येथे झाला. येल महाविद्यालयातून १७३३ मध्ये ते पदवीधर झाले. ग्रीक-लॅटिनमधील प्रावीण्याबद्दल ठेवलेले पारितोषिक त्यांनी एका सहाध्यायासह पटकावले. १७३५ मध्ये लेबनन गावाच्या उत्तर भागातील मंडळीने त्यांना पाळक म्हणून नेमले. त्या काळच्या न्यू इंग्लंडमध्ये पाळक म्हणजे गावाचा धर्मगुरू, शिक्षक, सल्लागार आणि बऱ्याच अंशी न्यायाधीशही असे.

याच सुमारास वसाहतींमध्ये 'महाजागृती' या नावाने ओळखली जाणारी धर्मभावनेची लाट उसळली. मैदानांत, कोठारांत हजारोंच्या सभा भरू लागल्या. प्रवचन ऐकताना माणसे धाय मोकलून रडू लागली. व्हीलॉक या लाटेचे बिनीचे शिलेदार होते. वर्षात जितके दिवस असतात त्याहून शंभरेक अधिक प्रवचने त्यांनी एका वर्षात दिली, असे त्यांच्या जुन्या चरित्रकारांनी लिहून ठेवले आहे. चरित्रकारांच्या भक्तिभावाची सूट देऊनही त्यांचा झपाटा लक्षात येतो. मात्र आपले गाव सोडून दुसऱ्याच्या गावात जाऊन उपदेश करणारे हे फिरस्ते पाळक प्रस्थापितांच्या डोळ्यांत सलू लागले. कनेक्टिकटच्या विधिमंडळाने त्यांना चाप लावणारे कायदे केले आणि १७४३ च्या सुमारास व्हीलॉक यांचा कायदेशीर वेतनाचा हक्क गेला. घर चालवण्यासाठी त्यांनी मुलांना येलच्या प्रवेशाची तयारी करून देण्याच्या शिकवण्या धरल्या. थोर संस्थांच्या मुळाशी पुष्कळदा असा घरखर्चाचा प्रश्न असतो. संस्थेच्या इतिहासात तो सहसा छापला जात नाही.

डिसेंबर १७४३ मध्ये वीस वर्षांचा सॅम्सन ऑकम त्यांच्या दारात आला. जन्म झोपडीत, घरात शिकार आणि मासेमारी. सोळा-सतराव्या वर्षी त्याच महाजागृतीच्या लाटेत त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. बायबल स्वतः वाचता यावे, एवढीच त्याची इच्छा होती. त्याच्या आईने व्हीलॉक यांच्याकडे शब्द टाकला. दोन-तीन आठवडे शिकावे म्हणून आलेला हा तरुण जवळपास चार वर्षे राहिला. इंग्रजीबरोबर लॅटिन, ग्रीक आणि थोडी हिब्रू भाषाही तो शिकला. डोळ्यांनी दगा दिल्यामुळे येलला जाणे मात्र जमले नाही.

ऑकम यांची प्रगती पाहून व्हीलॉक यांच्या मनात एक योजना आकाराला आली. गोऱ्या मिशनऱ्यांना जंगलात पाठवण्याऐवजी मूळनिवासी मुलांना लहानपणीच घरापासून दूर आणावे, इंग्रज रीतीने वाढवावे आणि मिशनरी करून आपापल्या जमातीत परत पाठवावे. या योजनेत धर्मभाव होता आणि रोखठोक हिशेबही होता. मूळनिवासी मिशनरी गोऱ्याच्या निम्म्याहून कमी खर्चात पोसता येतो, असे त्यांनी १७६३ मध्ये छापलेल्या आपल्या निवेदनात नमूद केले आहे. भाषा त्याला आधीच येते, दुभाष्या लागत नाही, आणि खाण्याराहण्याच्या सवयीही साध्या असतात, असा त्यांचा युक्तिवाद होता.

१७५४ मध्ये डेलावेअर जमातीतील दोन मुले आली आणि शाळा उभी राहिली. जोशुआ मूर या शेतकऱ्याने घर आणि जमीन दिली म्हणून तिला 'मूर यांची इंडियन धर्मादाय शाळा' असे नाव पडले. पुढील पंधरा वर्षांत निरनिराळ्या जमातींतील साठेक मुले-मुली येथे येऊन गेली. पुढे मोहॉक जमातीचा विख्यात नेता झालेला जोसेफ ब्रँट हा त्यांपैकीच एक.

शाळेचे रोजचे जीवन मात्र छापील निवेदनांइतके उजळ नव्हते. मुलींना आसपासच्या इंग्रज घरांत घरकामाला ठेवले जाई आणि त्या आठवड्यातून एखादा दिवस शाळेत येत. मुलांना शेतावर राबावे लागे. नॅरगँसेट जमातीतील एका वडिलांनी १७६७ मध्ये व्हीलॉक यांना पत्र लिहून खडसावले, की शाळा मूळनिवासींसाठी मोफत आहे असे आम्ही समजत होतो. मुलाला शेती शिकवायला आम्ही पाठवलेले नाही. दारू प्यायल्याबद्दल किंवा उर्मटपणाबद्दल मुलांकडून लेखी कबुलीजबाब घेतले जात. ते आजही उपलब्ध आहेत आणि वाचवत नाहीत. घरापासून शेकडो मैल दूर, परक्या भाषेत, स्वतःला नालायक ठरवणारी वाक्ये ही मुले लिहीत होती.

बारा वर्षांचे १८० पौंड

दरम्यान ऑकम लाँग आयलंडच्या टोकावरील माँटॉक जमातीत शिक्षक म्हणून गेले होते. तेथेच मेरी फाउलर या माँटॉक तरुणीशी त्यांचा विवाह झाला आणि १७५९ मध्ये प्रेस्बिटेरियन पंथाने त्यांना पाळकपदाची दीक्षा दिली. मुलांचा परिवार वाढत होता आणि मिशन-संस्थेकडून मिळणारे पैसे अपुरे होते. ऑकम पुस्तके बांधून देत, लाकडी चमचे आणि बादल्या तयार करत, मासे पकडत, बटाटे लावत.

१७६८ मध्ये लिहिलेल्या आत्मकथनात त्यांनी हा हिशेब मांडला आहे. एका अविवाहित गोऱ्या मिशनऱ्याला वर्षाला १०० पौंड, त्याच्या दुभाष्याला ५० आणि ओळख करून देणाऱ्याला ३०, असे वर्षाचे १८० पौंड संस्था खर्च करत होती. ऑकम स्वतःच शिक्षक, पाळक आणि दुभाषा होते. त्यांना बारा वर्षांच्या सेवेबद्दल मिळालेली एकूण रक्कम १८० पौंड होती. व्हीलॉक यांच्या निवेदनातला 'निम्म्याहून कमी खर्च' प्रत्यक्षात बाराव्या हिश्श्यावर आला होता.

तरीही १७६५ मध्ये व्हीलॉक यांनी शब्द टाकताच ऑकम निघाले. शाळेचा पसारा वाढला होता आणि पैसा नव्हता. इंग्लंडमध्ये निधी गोळा करायचा, तर ज्यांच्यासाठी पैसे मागायचे त्यांच्यापैकीच एक माणूस व्यासपीठावर उभा करावा, ही कल्पना अचूक होती. पत्नी आणि मुलांची काळजी घेण्याचे वचन व्हीलॉक यांनी दिले. २३ डिसेंबर १७६५ रोजी ऑकम आणि रेव्हरंड नॅथॅनियल व्हिटेकर हे दोघे बोस्टनहून जहाजात बसले.

हा दौरा दोन वर्षांहून अधिक चालला. लंडनमध्ये विख्यात प्रवचनकार जॉर्ज व्हाइटफील्ड यांनी ऑकम यांना आपले व्यासपीठ दिले. देवीची टोचणी करून घेऊन ते इंग्लंड आणि स्कॉटलंडभर हिंडले. तीनशेहून अधिक प्रवचने त्यांनी दिली. जंगलातला माणूस शुद्ध इंग्रजीत बायबलचा अर्थ सांगतो हे पाहायला गर्दी लोटत होती. लंडनच्या नाटकवाल्यांनी रंगमंचावर त्यांची नक्कल सुरू केल्याचे त्यांनी रोजनिशीत टिपून ठेवले आहे. राजा तिसरा जॉर्ज याने २०० पौंड दिले. इंग्लंडमध्ये सुमारे साडेनऊ हजार आणि स्कॉटलंडमध्ये सुमारे अडीच हजार, अशी एकूण बारा हजार पौंडांच्या घरातील रक्कम जमा झाली. एका गोऱ्या मिशनऱ्याच्या १२० वर्षांच्या वेतनाएवढी ही रक्कम होती. ऑकम यांना माँटॉक येथे ज्या दराने पैसे मिळाले, त्या दराने ती आठशे वर्षे पुरली असती.

निधीची व्यवस्था पाहण्यासाठी इंग्लंडमध्ये विश्वस्त मंडळ नेमण्यात आले. डार्टमथचे अर्ल विल्यम लेग हे त्याचे अध्यक्ष. स्कॉटलंडमधील पैसे एडिंबरा येथील ख्रिस्ती ज्ञानप्रसारक संस्थेने आपल्याच तिजोरीत ठेवले. हा तपशील तेव्हा किरकोळ वाटला असेल, पण पुढे तो महत्त्वाचा ठरला.

सनदेतली खाडाखोड

१७६८ मध्ये ऑकम परतले तेव्हा त्यांचे कुटुंब हलाखीत होते. कबूल केलेली काळजी घेतली गेली नव्हती, अशी त्यांची तक्रार. आपण शक्य ते केले, असा व्हीलॉक यांचा दावा. दोघांची पत्रे वाचली तर ऑकम यांच्या बाजूने कौल द्यावासा वाटतो, कारण त्यांच्या तक्रारीत आकडे आहेत आणि व्हीलॉक यांच्या उत्तरात उपदेश आहे. पुढच्या वर्षी ऑकम यांच्यावर मद्यपानाचा आरोप झाला. त्यांच्या धर्मपीठाने चौकशी करून त्यांना दोषमुक्त केले; उपाशीपोटी घेतलेल्या थोड्याशा मद्याचा तो परिणाम होता, असा निष्कर्ष निघाला. पण तोवर बातमी इंग्लंडपर्यंत पोहोचली होती.

व्हीलॉक यांचे मन तोवर दुसरीकडे वळले होते. इरोक्वाय राष्ट्रसंघातील जमातींशी त्यांचे संबंध बिघडले होते. आपला मुलगा राल्फ याला त्यांनी त्या प्रदेशात दूत म्हणून पाठवले आणि त्याच्या मग्रूर वागण्याने उरलीसुरली सदिच्छाही आटली. १७६९ च्या प्रारंभी ओनायडा पालकांनी आपली मुले शाळेतून काढून नेली. इतक्या वर्षांच्या खटाटोपातून हाती लागलेले मूळनिवासी मिशनरी थोडेच होते आणि त्यांतले बरेच नाराज होते. अपयश योजनेचे की मुलांचे, असा प्रश्न व्हीलॉक यांनी स्वतःला विचारला असावा. उत्तर मात्र त्यांनी मुलांच्या विरोधात काढले. यापुढे गोऱ्या तरुणांनाच मिशनरी म्हणून तयार करावे, असे त्यांनी ठरवले. त्यासाठी शाळा पुरेशी नव्हती. पदव्या देणारे महाविद्यालय हवे होते आणि पदव्या देण्यासाठी राजाची सनद हवी होती.

न्यू हॅम्पशायरचे गव्हर्नर जॉन वेंटवर्थ यांनी जमीन देऊ केली आणि १३ डिसेंबर १७६९ रोजी राजाच्या नावाने सनद दिली. या सनदेचा मसुदा पाहण्यासारखा आहे. महाविद्यालयाचा हेतू सांगणाऱ्या वाक्यात आधी इंग्रज तरुणांचा आणि नंतर इंडियन जमातींचा उल्लेख होता. व्हीलॉक यांनी शब्दांवर काट मारून क्रम उलटा केला, असे इतिहासकारांनी दाखवून दिले आहे. अंतिम सनदेत 'या भूमीतील इंडियन जमातींच्या तरुणांचे शिक्षण' आधी येते आणि 'तसेच इंग्रज व इतर तरुण' मागाहून. इंग्लंडमधल्या देणगीदारांना काय वाचायला आवडेल, हे व्हीलॉक जाणून होते. अर्लच्या विश्वस्त मंडळाला विचारल्याशिवायच सनद घेतली गेली आणि ते मंडळ नाराज झाले. संस्थेला मात्र अर्लचेच नाव देण्यात आले होते.

ऑगस्ट १७७० मध्ये साठीला टेकलेले व्हीलॉक हॅनोव्हरच्या निबिड पाइनवनात पोहोचले. विटा, दगड, काच किंवा खिळे न वापरता ओंडक्यांची अठरा फूट लांब-रुंद झोपडी त्यांनी उभारली. त्यांच्या सर्व मर्यादा मान्य करूनही या वयातली ही जिद्द थक्क करणारी आहे. हॅनोव्हरमध्ये या झोपडीची आठवण काढली जाते. त्यांच्याबरोबर आठ कृष्णवर्णीय गुलामही होते; झाडे तोडण्याच्या आणि स्वयंपाकघर चालवण्याच्या कामांत त्यांचा वाटा होता. त्यांची आठवण काढायला महाविद्यालयाने अलीकडे सुरुवात केली आहे.

गोरी माता

पहिला पदवीदान समारंभ २८ ऑगस्ट १७७१ रोजी झाला. गव्हर्नर आले, बैल भाजला गेला, रमचे पिंप फुटले. पदवीधर चार होते आणि चौघेही गोरे. त्यांपैकी एक व्हीलॉक यांचा मुलगा जॉन.

या समारंभाच्या महिनाभर आधी, २४ जुलै १७७१ रोजी, ऑकम यांनी आपल्या गुरूला एक पत्र लिहिले. लॅटिनमध्ये विद्यापीठाला 'अल्मा मातेर', म्हणजे पोषण करणारी माता, असे म्हणतात. एका अक्षराचा फरक केला की 'अल्बा मातेर' होते आणि 'अल्बा' म्हणजे पांढरीशुभ्र. तुमची संस्था 'अल्मा' होण्याऐवजी 'अल्बा' होऊन बसेल आणि सावळ्या लेकरांना दूध पाजण्याचे ती नाकारेल, अशी मला भीती वाटते, अशा आशयाचे ऑकम यांचे शब्द आहेत. पैसे मिळवण्यापुरते तुम्हाला साधन म्हणून वापरतील आणि घरी गेल्यावर वाऱ्यावर सोडतील, असे इंग्लंडमधले काही सद्गृहस्थ मला सांगत होते. आता ते खरे वाटू लागले आहे, असेही त्यांनी लिहिले. ज्या भाषेचे पाठ व्हीलॉक यांनी दिले होते, तिच्यातच शिष्याने गुरूला जाब विचारला होता. सौम्य, विनयशील शब्दांत लिहिलेले हे पत्र अमेरिकेच्या शैक्षणिक इतिहासातील सर्वांत बोचऱ्या पत्रांपैकी एक मानावे लागेल.

त्याच वर्षी नॅरगँसेट जमातीतील डॅनियल सायमन या विद्यार्थ्यानेही तक्रार नोंदवली. शिकण्याच्या मोबदल्यात एवढे राबायचेच असेल, तर आम्हा गरिबांना शिकायला दुसरी जागाही मिळेल, असे त्याने व्हीलॉक यांना कळवले. पण तो टिकून राहिला. १७७७ मध्ये पदवी घेणारा तो डार्टमथचा पहिला मूळनिवासी विद्यार्थी ठरला.

इंग्लंडमधील साडेनऊ हजार पौंड १७७५ च्या सुमारास संपले. इमारती, शेते, गिरण्या, गोऱ्या विद्यार्थ्यांचा उदरनिर्वाह, असा हा खर्च झाला. व्हीलॉक यांनी पैसा स्वतःच्या चैनीवर उधळला, असे कोणी म्हटलेले नाही. ते अखेरपर्यंत कर्जात होते. अपहार हा शब्द येथे लागू पडत नाही आणि म्हणूनच प्रकरण अवघड आहे. एका कामासाठी दिलेला पैसा दुसऱ्या, त्यांच्या मते अधिक उपयुक्त, कामाला लागला आणि ज्याच्या तोंडाकडे पाहून लोकांनी तो दिला होता त्याला कोणी विचारले नाही.

स्वातंत्र्ययुद्धाला तोंड फुटल्यावर मूळनिवासी मुलांना अचानक वेगळीच किंमत आली. व्हीलॉक यांनी कॅनडातील अबेनाकी जमातीची काही मुले शाळेत आणली होती. ती हॅनोव्हरमध्ये असेपर्यंत त्यांच्या जमाती सरहद्दीवर हल्ले करणार नाहीत, अशी अटकळ होती. १७७५ मध्ये काँटिनेंटल काँग्रेसने या मुलांच्या पालनपोषणासाठी ५०० डॉलरपर्यंतची तरतूद मंजूर केली. २४ एप्रिल १७७९ रोजी, वयाच्या ६८ व्या वर्षी, व्हीलॉक यांचे हॅनोव्हर येथे निधन झाले. सनदेने दिलेल्या अधिकाराने त्यांनी आपल्या मुलाला, जॉनला, उत्तराधिकारी नेमले होते.

जॉन व्हीलॉक यांनी ३६ वर्षे अध्यक्षपद सांभाळले. विश्वस्तांशी भांडण विकोपाला जाऊन १८१५ मध्ये त्यांना काढून टाकण्यात आले. राज्याच्या विधिमंडळाने त्यात उडी घेऊन १८१६ मध्ये सनदच बदलली. विश्वस्त न्यायालयात गेले. माजी विद्यार्थी डॅनियल वेब्स्टर यांनी सर्वोच्च न्यायालयात बाजू मांडली आणि १८१९ मध्ये सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी निकाल दिला, की सनद हा करार आहे आणि राज्याला तो एकतर्फी बदलता येणार नाही. अमेरिकेतील खासगी संस्थांचे आणि पुढे व्यापारी कंपन्यांचे कायदेशीर संरक्षण या निकालावर उभे राहिले. देणगीदारांनी ज्या हेतूने पैसे दिले तो कायम राहिला पाहिजे, हा विचार या निकालाच्या गाभ्याशी आहे. त्या देणगीदारांसमोर तीनशे वेळा उभा राहिलेला माणूस तोवर २७ वर्षांपूर्वी मृत्यू पावला होता आणि त्याच्यासारखी मुले महाविद्यालयात अपवादानेच दिसत होती.

ऑकम यांचे उरलेले आयुष्य गुरूच्या सावलीबाहेर गेले. १७७२ मध्ये मोझेस पॉल या मूळनिवासी कैद्याच्या फाशीच्या वेळी त्यांनी दिलेले प्रवचन छापले गेले आणि त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. १७७४ मध्ये त्यांनी स्तोत्रांचा संग्रह काढला. जावई जोसेफ जॉन्सन यांच्यासह त्यांनी न्यू इंग्लंडमधील विस्कळीत ख्रिस्ती जमातींना एकत्र करून ओनायडा प्रदेशात 'ब्रदरटाउन' ही वसाहत वसवण्याचे काम हाती घेतले. जॉन्सनही मूर शाळेचेच विद्यार्थी. शिकलेली मुले जमातीत परत जाऊन नेतृत्व करतील, हे व्हीलॉक यांचे स्वप्न अशा रीतीने खरे झाले. फक्त ते व्हीलॉक यांना वगळून झाले. १७९२ मध्ये न्यू यॉर्क राज्यात ऑकम यांचे निधन झाले.

दोनशे वर्षे, एकोणीस पदवीधर

एडिंबरा येथील संस्थेने आपल्या ताब्यातला निधी मात्र सोडला नव्हता. हा पैसा मूळनिवासींच्या शिक्षणावरच खर्च होईल, या अटीवर ती अडून बसली. एकोणिसाव्या शतकात हॅनोव्हरला जे थोडे मूळनिवासी विद्यार्थी आले, त्यांतील अनेकांचा खर्च या स्कॉटिश पैशातून झाला. त्यांतील सर्वात प्रसिद्ध नाव म्हणजे डकोटा जमातीचे चार्ल्स ईस्टमन. १८८७ मध्ये पदवी घेऊन ते पुढे डॉक्टर झाले आणि १८९० च्या वुंडेड नी हत्याकांडातील जखमींवर त्यांनी उपचार केले. तरीही पहिल्या दोनशे वर्षांत डार्टमथमधून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या मूळनिवासी विद्यार्थ्यांची संख्या अवघी १९ होती. त्याच काळात महाविद्यालयाच्या खेळाडूंना 'इंडियन्स' म्हणून पुकारले जाई आणि व्हीलॉक व मूळनिवासी यांच्यातील रमच्या मैफलीची विनोदी भित्तिचित्रे भोजनगृहाच्या तळघरात रंगवली गेली होती.

१९७० मध्ये जॉन केमेनी अध्यक्ष झाले. 'बेसिक'चे जनक ते हेच. बुडापेस्टमध्ये जन्मलेले, ज्यूंवरील छळातून बालपणी अमेरिकेत आलेले हे गणिती. पदग्रहणाच्या वेळीच त्यांनी सनदेतल्या त्या पहिल्या वाक्याकडे बोट दाखवले आणि महाविद्यालय आपल्या स्थापनेचा शब्द पाळील, असे जाहीर केले. मूळनिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र कार्यक्रम सुरू झाला, १९७२ मध्ये अभ्यासविभाग आला आणि १९७४ मध्ये विश्वस्तांनी 'इंडियन' हे खेळचिन्ह बाजूला सारले. त्यानंतर दोनशेहून अधिक जमातींतील हजारावर विद्यार्थ्यांनी येथे शिक्षण घेतले. देणगीदारांना खूश करण्यासाठी व्हीलॉक यांनी मसुद्यात जो शब्दांचा क्रम बदलला होता, तोच क्रम दोनशे वर्षांनी अध्यक्षांच्या हाती पुरावा म्हणून लागला.

भोजनगृहातील भित्तिचित्रे २०१८ मध्ये हलवण्यात आली, पाते २०२० मध्ये उतरले आणि २०२२ मध्ये कागद परत गेले. ऑकम यांच्या हस्ताक्षरातील मूळ पाने आता उन्कसव्हिलला मोहिगन जमातीकडे आहेत. व्हीलॉक यांची पत्रे आणि सनदेचे कागद हॅनोव्हरच्या संग्रहात आहेत. महाविद्यालयाने या पत्रव्यवहाराच्या प्रतिमा आणि लिप्यंतरे इंटरनेटवर खुली केली आहेत. त्यामुळे गुरूचे पत्र आणि शिष्याचे उत्तर संगणकाच्या पडद्यावर शेजारी शेजारी ठेवून कोणालाही वाचता येते.